आमदारकीचा हिशेब नागभीडने मागावा

गेल्या दीड दशकात चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याने सत्तेची प्रत्येक जुळणी अनुभवली. आपला आमदार सत्ताधारी पक्षाचा आणि वर राज्यमंत्रीही, असा काळ पाहिला. आमदार सत्ताधारी पक्षाचा, पण मंत्रिपद नाही, हेही पाहिले. आमदार विरोधी बाकावर आणि शेजारच्या मतदारसंघाचा आमदार जिल्ह्याचा पालकमंत्री, अशीही अडीच वर्षे गेली. एवढे सगळे होऊनही नागपूरची रेल्वे, गोसीखुर्दचे पाणी आणि वाघाच्या हल्ल्यांपासून संरक्षण या तीन मागण्या प्रत्येक निवडणुकीत जवळपास त्याच शब्दांत मांडाव्या लागतात. 'आमचा आमदार सत्तेत नाही म्हणून काम अडले' ही सबब नागभीडला आता कोणीच देऊ शकत नाही. म्हणूनच लोकप्रतिनिधीची कारकीर्द मोजायची कशी, हा प्रश्न आम्ही या तालुक्याच्या निमित्ताने मांडत आहोत.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या या झाडीपट्टीत गेल्या वीस वर्षांतील सर्वांत ठळक आमदारकी विजय वडेट्टीवार यांची आहे, हे विरोधकही नाकारणार नाहीत. शिवसेनेचे कार्यकर्ते म्हणून गडचिरोलीत त्यांनी काम केले. शिवसेना-भाजप युतीच्या राजवटीत वनविकास महामंडळाचे अध्यक्षपद आणि १९९८ मध्ये विधान परिषदेचे सदस्यत्व त्यांना मिळाले. २००४ मध्ये चिमूरमधून शिवसेनेच्या तिकिटावर ते विधानसभेत गेले. पुढच्याच वर्षी नारायण राणे यांनी शिवसेना सोडली. वडेट्टीवार त्यांच्यासोबत काँग्रेसमध्ये आले, आमदारकीचा राजीनामा दिला आणि पोटनिवडणूक लढवून तीच जागा काँग्रेससाठी जिंकली. पक्ष बदलल्यावर पुन्हा मतदारासमोर जाण्याचे ते पाऊल आजच्या महाराष्ट्रात आवर्जून आठवण्यासारखे आहे. अलीकडे अख्खे पक्ष फुटले, चिन्हे गेली, खटले न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. पण ज्यांच्या मतांवर निवडून आलो त्यांना पुन्हा विचारावे, असे फुटणाऱ्यांपैकी कोणाला वाटले नाही. चिमूरच्या मतदाराला २००५ नंतर ती संधी मिळाली होती.

२००९ मध्ये पुनर्रचित मतदारसंघांत पहिली निवडणूक झाली. नागभीड तालुका चिमूर मतदारसंघात होता आणि तिथून वडेट्टीवार पुन्हा जिंकले. अशोक चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात ते राज्यमंत्री होते आणि जलसंपदा खातेही त्यांच्याकडे होते. २०१४ मध्ये त्यांनी चिमूर सोडून शेजारचे ब्रह्मपुरी निवडले. तिथे भाजपचे अतुल देशकर सलग दोन वेळा निवडून आले होते. मोदी लाटेच्या त्या वर्षात काँग्रेस राज्यात ४२ जागांवर आली, तरी वडेट्टीवारांनी देशकरांचा पराभव केला. २०१९ आणि २०२४ मध्येही ब्रह्मपुरी त्यांच्याकडेच राहिली. पोटनिवडणूक धरून २००४ पासून विधानसभेचे सलग सहा विजय, दोन मतदारसंघ आणि दोन पक्ष, अशी ही नोंद आहे.

पदांची यादीही लहान नाही. राधाकृष्ण विखे पाटील काँग्रेसमधून बाहेर पडल्यावर जून २०१९ मध्ये वडेट्टीवार विरोधी पक्षनेते झाले. महाविकास आघाडी सरकारात त्यांनी इतर मागासवर्ग कल्याण आणि मदत व पुनर्वसन ही खाती सांभाळली. अजित पवार सत्तेत गेल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये विरोधी पक्षनेतेपद पुन्हा त्यांच्याकडे आले. २०२४ च्या विधानसभेत काँग्रेस अवघ्या १६ जागांवर आली. चंद्रपूर जिल्ह्यातील सहापैकी पाच जागा भाजपने घेतल्या. काँग्रेसला उरली ती एकटी ब्रह्मपुरी. त्यानंतर विधिमंडळ पक्षाचे नेतृत्व वडेट्टीवारांकडे आले.

नागभीडकडे मात्र २०१४ पासून दुसरा आमदार आहे. भाजपचे कीर्तीकुमार ऊर्फ बंटी भांगडिया यांनी त्या वर्षी चिमूरमध्ये काँग्रेसचे अविनाश वारजूकर यांना मोठ्या फरकाने हरवले. २०१९ आणि २०२४ मध्ये त्यांनी सतीश वारजूकर यांच्यावर मात केली. तीन सलग विजय ही कमी कमाई नाही. पण शेवटच्या दोन्ही वेळी मताधिक्य दहा हजारांच्या आत राहिले, ही गोष्ट नागभीडच्या मतदाराने नीट ध्यानात घ्यावी. एवढ्या फरकाच्या मतदारसंघात एक तालुका ठरवेल तर निकाल फिरवू शकतो. याच मतदाराने २०२४ च्या उन्हाळ्यात गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात काँग्रेसचे नामदेव किरसान यांना निवडून येताना पाहिले आणि सहा महिन्यांत चिमूरची विधानसभा भाजपकडे ठेवली. इथला मतदार कोणाच्या दावणीला बांधलेला नाही. असा मतदार ज्या तालुक्यात आहे, त्या तालुक्याचे प्रश्न पहिल्या पानावर असायला हवेत. ते तिथे नाहीत, हे आमचे दुःख आहे.

निवडणुकीचा निकाल हा आमदाराच्या कामाचा पूर्ण निवाडा असतो, असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. दारूबंदीचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०१० मध्ये याच चिमूरहून शेकडो महिला जिल्ह्यातील दारूबंदीसाठी नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली, तेव्हा पालकमंत्री सुधीर मुनगंटीवार होते. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली, तेव्हा पालकमंत्री वडेट्टीवार होते आणि बंदी उठावी हा त्यांचा उघड आग्रह होता. बंदी आणणारे मुनगंटीवार २०२४ मध्ये बल्लारपूरहून जिंकले आणि बंदी उठवणारे वडेट्टीवार ब्रह्मपुरीहून. मग जिल्ह्याने कौल कोणाच्या बाजूने दिला? कोणाच्याच नाही. मतपेटीत एकच प्रश्न टाकता येतो, 'हा माणूस हवा की तो?' त्या माणसाने कोणते काम केले, कोणते टाळले आणि कोणते बिघडवले, याची उत्तरे मतमोजणीतून येत नाहीत. ती पाच वर्षे मागावी लागतात.

न्याय करायचा तर झालेल्या कामाचीही नोंद घ्यावी लागेल. गडचिरोलीत गट क आणि ड च्या नोकरभरतीत ओबीसींचे आरक्षण ६ टक्क्यांवर आणि चंद्रपुरात ११ टक्क्यांवर आले होते. दोन्ही जिल्ह्यांतील ओबीसी तरुणांच्या मनात ती मोठी सल होती. २०२१ मध्ये ते अनुक्रमे १७ आणि १५ टक्के करण्याचा निर्णय झाला, तेव्हा ओबीसी खाते वडेट्टीवारांकडे होते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि ब्रह्मपुरी तालुक्यातली गावे पाण्याखाली गेली, तेव्हा मदत व पुनर्वसन मंत्रीही तेच होते. धानाला हेक्टरी बोनस मिळावा यासाठी या भागातील सर्वपक्षीय आमदारांनी दरवर्षी आवाज उठवला आणि तो २० हजारांपर्यंत आला. हे सगळे खरे आहे. तरी नागभीडच्या तीन मोठ्या मागण्यांपाशी आले की प्रत्येकाच्या कारकिर्दीचे पान कोरे दिसते.

पहिली मागणी रेल्वेची. नागभीड हे जंक्शन आहे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी ब्रॉडगेज इथून जाते. नागपूरला जोडणारी नॅरोगेज ब्रिटिशकाळापासून धावत होती. नागभीड, भिवापूर, उमरेडच्या गोरगरिबांचे, विद्यार्थ्यांचे आणि नागपूरच्या मेडिकल रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णांचे ते सर्वांत स्वस्त साधन होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये गेजबदलासाठी ती बंद झाली. त्यानंतर लोकांनी बसचे वाढीव भाडे भरत वर्षांमागून वर्षे काढली. या काळात केंद्रात एकच सरकार होते, राज्यात सत्ता दोनदा पालटली, लोकसभेतला प्रतिनिधी बदलला. रेल्वे केंद्राचा विषय असला तरी हे काम राज्याची भागीदारी असलेल्या कंपनीकडे आहे. विधानसभेत त्यावर किती वेळा प्रश्न विचारला गेला आणि काय उत्तर मिळाले, हे नागभीडकरांना घरबसल्या कळले पाहिजे.

दुसरी मागणी पाण्याची. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी गोसीखुर्दची पायाभरणी केली, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि खर्च १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. नागपूर, भंडारा आणि चंद्रपूरमधील अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे ते स्वप्न होते. त्याचा घोडाझरी शाखा कालवा याच भागासाठी. नागभीडला ब्रिटिशकालीन घोडाझरी तलाव आहे, माजी मालगुजारी तलावांची जुनी परंपरा आहे, आणि तरीही रोवणीच्या दिवसांत शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. एचएमटी हे धानाचे वाण जगाला देणारे दादाजी खोब्रागडे याच तालुक्यातल्या नांदेड गावचे. थोडक्या जमिनीत, कोणत्याही विद्यापीठाच्या मदतीशिवाय त्यांनी ते वाण निवडले आणि जोपासले. २०१८ मध्ये ते गेले. ज्या मातीने असे वाण दिले, तिला पाण्याची खात्री देता आली नाही, हे या प्रदेशाच्या प्रत्येक लोकप्रतिनिधीने मनाला लावून घ्यावे.

तिसरी मागणी जगण्याची. ब्रह्मपुरी वनविभागात वाघांची संख्या वाढली, हे वनखात्याचे यश आहे. २०१८ मध्ये घोडाझरी अभयारण्य झाले. पण मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला, बांधीवर राखण करायला जाणाऱ्या माणसाच्या जिवाचे काय? मे २०२५ मध्ये सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच हल्ल्यात मारल्या गेल्या. मृताच्या वारसांना सरकार आता २५ लाख रुपये देते. ती रक्कम योग्यच आहे. पण माणूस मेल्यावर मिळणारी मदत हे धोरण होऊ शकत नाही. तेंदूच्या हंगामात गस्त, गावाजवळच्या वाघांचा मागोवा, जंगलावर कमी अवलंबून राहावे लागेल असा रोजगार आणि वनहक्क कायद्याची पूर्ण अंमलबजावणी यांवर विधानसभेत सातत्याने बोलणारा आमदार या पट्ट्याला हवा आहे. हल्ला झाला की भेट देणारे नेते अनेक आहेत. अधिवेशनामागून अधिवेशन हाच विषय धरून ठेवणारा अजून दिसलेला नाही.

याच जिल्ह्याने महाराष्ट्राला दुसरा मुख्यमंत्री दिला. मारोतराव कन्नमवार यांची मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द नोव्हेंबर १९६२ ते नोव्हेंबर १९६३ अशी जेमतेम वर्षभराची. ते पदावर असतानाच गेले. गरिबीतून वर आलेल्या त्या माणसाचे नाव आजही लोक आदराने घेतात आणि ते घेताना कोणी त्यांच्या निवडणुकांचे मताधिक्य सांगत बसत नाही. लोकांच्या स्मरणात माणसाचे काम राहते, हे आजच्या आमदारांनी त्यांच्याकडून शिकावे.

आणखी एक बाब पुढ्यात येऊन ठेपली आहे. मतदारसंघांची आजची रचना २००१ च्या जनगणनेवर आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर पुन्हा पुनर्रचना व्हायची आहे. नागभीडच्या एका बाजूला चिमूर, दुसऱ्या बाजूला ब्रह्मपुरी आणि सिंदेवाही. पुढची रेषा कुठून जाईल हे आयोग ठरवेल. पण आयोग जनसुनावणी घेतो, हरकती ऐकतो. तिथे नागभीडचा आवाज पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्यांच्या सोयीने मांडू नये. ग्रामसभांनी, शेतकऱ्यांनी, महिला बचत गटांनी आणि व्यापाऱ्यांनी एकत्र बसून आपली भूमिका आताच लिहून काढावी.

आमची मागणी साधी आहे. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. भांगडियांनी नागभीड तालुक्यात त्यातले किती, कुठे आणि कशावर खर्च झाले, याची गावनिहाय यादी दरवर्षी ग्रामपंचायतींच्या आणि नगर परिषदेच्या फलकावर लावावी. रेल्वे, कालवा आणि वाघ या तीन विषयांवर सभागृहात काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, ते मराठीत छापून वाटावे. वडेट्टीवारांनी २००९ ते २०१४ या काळात या तालुक्याचे प्रतिनिधित्व केले आणि आज ते काँग्रेसच्या विधिमंडळ पक्षाचे नेते आहेत. त्यांनीही आपल्या त्या पाच वर्षांचा आणि पालकमंत्रिपदाच्या काळाचा हिशेब नागभीडसमोर ठेवावा. विजयाच्या मिरवणुका दोघांनीही भरपूर काढल्या आहेत. आता वर्षातून एकदा नागभीडच्या बाजार चौकात खुली सभा घ्यावी, प्रश्न लोकांनी विचारावेत आणि उत्तरे आमदारांनी द्यावीत. नागभीडकरांनो, पुढची निवडणूक येईपर्यंत थांबू नका. हा हिशेब मागण्याचा अधिकार तुमचा आहे आणि तो आजच वापरा.