चिमणी उरली, गिरणी कुठे गेली?

ईदच्या सुट्टीत धाकटा भाऊ मुंबईहून अनसिंगला आला. लोअर परळ भागातल्या एका मोठ्या हॉटेलात तो साफसफाई विभागात काम करतो. शीरखुर्मा झाल्यावर तो मोबाईलवरचे फोटो दाखवू लागला. चाचा जवळ सरकले, चष्मा पुसून पाहू लागले. झगमगीत दुकाने, काचेच्या उंच इमारती आणि त्यांच्यामध्ये एक जुनी चिमणी. चाचांनी तिच्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "बेटा, ही चिमणी इथं आहे, मग गिरणी कुठं गेली?"

फोटो फिनिक्स मिलच्या आवाराचा होता. चाचा त्या गिरणीत नव्हते. त्याच भागातल्या दुसऱ्या एका गिरणीत ते साचे चालवत. पण त्यांच्या मते सगळ्या गिरण्यांचा सांगाडा एकच. मग त्या दुपारी त्यांनी आम्हा भावंडांना गिरणीच बांधून दाखवली.

सूतकताईचं खातं मजल्यांच्या इमारतीत असे, कारण पूर्वी एकाच वाफेच्या इंजिनावरून दोर आणि पट्ट्यांनी सगळे मजले चालत. साचे मात्र जमिनीवरच, कारण शेकडो साच्यांच्या हादऱ्याने मजला टिकला नसता. साचेखात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची, आणि तिचं तोंड उत्तरेला. त्यामुळे उजेड भरपूर, पण थेट ऊन नाही. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून हवेत ओल लागे. मुंबईला ती समुद्राने फुकट दिली. आपल्या विदर्भात जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली, तिथे हवा ओलसर ठेवायला यंत्रं बसवावी लागली. ती गिरणीही २००२ साली बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कंपनी उभारली. मग वऱ्हाडच्या कापसाला रेल्वे मिळाली आणि परळ-लालबागचं गिरणगाव वाढत गेलं. फिनिक्स मिल १९०५ सालची. कोकण-घाटावरचे शेतकरी आले, तसे उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकरही आले आणि मदनपुऱ्यात स्थिरावले. साचेखात्यात मजुरी चांगली होती, पण सर्वांना तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. ते कारण पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय मांडला. गिरणीची आठवण काढायची तर हीसुद्धा काढली पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. चाचा दीड वर्ष वाट पाहून अनसिंगला परतले आणि दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचू लागले. आता त्या शेतात सोयाबीन असतं.

पुढे १९९१ साली सरकारने नियम केला, की गिरणीच्या जमिनीचा विकास करताना एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकाकडे. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची होऊ लागली, इमारतींखालची जमीन त्यातून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याची जमीन आटली. फिनिक्सच्या आवारात आधी दुकाने आली, मग २०१२ साली पंचतारांकित हॉटेलचा मनोरा उभा राहिला. म्हणजे गिरणीचं हॉटेल झालं नाही, गिरणीच्या जागेवर हॉटेल आलं.

वाचक भगिनी-बंधूंनो, वेगळ्या रीतीनेही हे होऊ शकतं. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क नावाची सूतगिरण्यांची वसाहत आहे. तिथल्या गिरणीत १७८६ साली सूतकताई सुरू झाली. १८०० साली रॉबर्ट ओवेन यांनी कारभार हाती घेतला आणि १८१६ साली कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली. गिरणी १९६८ साली बंद पडली. पण तिथल्या लोकांनी न्यास स्थापून इमारती वाचवल्या. १९९८ पासून तिथल्या जुन्या पहिल्या गिरणीतच हॉटेल चालतं. कामगारांची घरं दुरुस्त झाली, त्यांत आजही कुटुंबं राहतात. पाहुणा तिथे झोपतो तेव्हा कोणाच्या कष्टाच्या भिंतींमध्ये झोपतो आहे, हे त्याला कळतं.

आपल्याकडे भिंती फारशा उरल्या नाहीत. कागद मात्र अजून उरले असतील. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेल्या गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरं देण्याची योजना आहे. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं होती आणि अर्ज सुमारे दीड लाख. घर मिळेलच असं नाही. पण कागदच नसेल तर नाव कुठेच लागणार नाही. घरात कोणी गिरणीत होतं का, विचारा. गिरणीचा पास, तिकीट नंबर, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, भविष्य निर्वाह निधीचा कागद, जे सापडेल ते जपा. कामगार मरहूम झाले असतील तरी त्यांची पेटी एकदा उघडून बघा.

चाचांनी त्या संध्याकाळी पत्र्याची पेटी उघडली. लग्नाच्या शेरवानीखाली पासचं पिवळं पडलेलं कार्ड निघालं. फोटो पुसट झाला होता, नंबर स्पष्ट होता. भावाने मोबाईल काढला आणि त्या कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो घेतले.

"नीट आला का नंबर?" चाचांनी विचारलं.

"हो चाचा, नीट आला."