हिंगाच्या डबीमागची अक्षरे

सीलिअ‍ॅकच्या रुग्णाने महाराष्ट्रात राहून अन्नाच्या वेष्टनांवरील बारीक अक्षरे वाचत बसण्याचे कारण नाही, असे मानणारा एक पक्ष आहे आणि त्याचे म्हणणे वरकरणी बिनतोड वाटते. गहू, जव आणि राय या धान्यांतील ज्या चिवट प्रथिनांमुळे मळलेली कणीक ताणली जाते, त्यांना ग्लुटेन म्हणतात. सीलिअ‍ॅकमध्ये या प्रथिनांच्या निमित्ताने शरीराची रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते, अन्नरस शोषणारे तेथील बोटांसारखे अंकुर सपाट होतात, आणि ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणे हाच त्यावरचा प्रस्थापित उपचार आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसते. तेव्हा पोळी सोडून भाकरी धरली की पथ्य झाले, वेष्टनवाचन ही पाव-पास्त्यावर जगणाऱ्यांची गरज, असा हा पूर्वपक्ष.

यातील धान्यांविषयीचे विधान खरे आहे; निष्कर्ष मात्र फोडणीपाशी अडतो. हिंग हा फेरुला वर्गातील वनस्पतींच्या मुळांतून पाझरणारा, वाळून घट्ट झालेला चीक असून तो मुख्यतः अफगाणिस्तान व इराणमधून येतो, आणि मूळ रूपात इतका उग्र असतो की डिंक व पीठ मिसळून सौम्य केलेला बांधानी हिंगच बहुतेक घरांत वापरला जातो. हे पीठ तांदळाचे असू शकते, तसा मैदाही असू शकतो. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पिवळ्या डब्यांतील हा फरक रंगावरून किंवा वासावरून कळत नाही. तो कळतो डबीमागच्या घटकांच्या यादीतच.

चिमूटभर हिंगाने काय बिघडणार, हा यावरचा नेहमीचा प्रतिप्रश्न टाळण्याजोगा नाही, कारण त्याचे उत्तर हिशेबात आहे. मैद्याच्या वजनाचा साधारण आठ ते दहा टक्के भाग ग्लुटेनचा असतो. पाव ग्रॅम हिंगात निम्मा मैदा धरला, तर एका फोडणीत सुमारे दहा मिलिग्रॅम ग्लुटेन उतरते, आणि दिवसाला दहा मिलिग्रॅम ही बहुतेक रुग्णांना सोसणारी मर्यादा मानली जाते. आमटी चौघांत वाटली जाते, हे कबूल केलेच पाहिजे, म्हणजे एकाच्या वाट्याला अडीच मिलिग्रॅमच येते; परंतु भाजी, कोशिंबीर, लोणचे आणि मठ्ठा यांतही तोच हिंग असतो, आणि पुन्हा संध्याकाळचे जेवण उरतेच.

दुसरा भ्रम नावांचा आहे, आणि तो अधिक घातक, कारण त्याला पौष्टिकतेचे वलय आहे. सांगली-कोल्हापूरकडचा खपली गहू पचायला हलका म्हणून चढ्या भावाने विकला जातो. तो मधुमेहींना मानवतो की नाही हा वाद वेगळा, पण खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, आणि सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला तो साध्या गव्हाइतकाच वर्ज्य आहे. सातूच्या पिठाचा घोळ याहून मोठा: बिहारकडचे सत्तू बहुधा भाजलेल्या हरभऱ्याचे असते, तर मराठी घरातील सातूच्या पिठात डाळ्यांबरोबर गहू किंवा जव असतो. ‘गहूविरहित’ या शब्दानेही भागत नाही. जवाचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, किंवा त्याचा अर्क, गव्हाचे नाव न घेता पौष्टिक पेयांत आणि बिस्किटांत शिरतो. उलट इंग्रजीत ‘बकव्हीट’ म्हटला जाणारा कुट्टू गव्हाच्या कुळातला नसूनही नावामुळे नाहक टाकला जातो. त्याचे पीठ कोणत्या चक्कीवर दळले गेले एवढेच पाहायचे.

पुढच्या बाजूचा ‘ग्लुटेन-फ्री’ शिक्का पाहिला की पुरे, असे म्हणणारा तिसरा पक्ष तुलनेने सावध आहे. भारतीय नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असलेल्या पदार्थावर हा शिक्का मारता येत नाही, आणि आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाची मर्यादाही तीच असल्याने शिक्क्याला अर्थ नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र त्याच नियमांत ‘लो ग्लुटेन’ ही २० ते १०० मिलिग्रॅमची वेगळी पायरी आहे, घाईतल्या नजरेला दोन्ही एकच वाटतात, आणि ती पायरी रुग्णासाठी नव्हे. शिवाय रोजच्या मसाल्यांवर आणि पापडांवर शिक्का क्वचितच असतो. तेथे मागचीच बाजू बोलते.

ही मागची बाजू वाचण्याची रीत कायद्यानेच घालून दिली आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार गहू, जव, राय, ओट आणि त्यांपासूनचे पदार्थ हे अ‍ॅलर्जीकारक घटक म्हणून ‘कन्टेन्स’ या शब्दापुढे स्वतंत्रपणे सांगावे लागतात. म्हणून आधी हे वाक्य शोधावे, मग यादीतील प्रत्येक पिठापुढे ‘कशाचे?’ हा प्रश्न ठेवावा, आणि ‘मे कन्टेन’ हा इशारा गिरणीतील सरमिसळीची कबुली समजावी. कारखाना मिश्रण बदलतो तेव्हा डबीचा रंग बदलत नाही, म्हणून ओळखीची डबीही दर खरेदीला उलटून पाहावी लागते.

एवढे करूनही एक फट उरते, आणि तिचा दोष वाचणाऱ्याचा नाही. ज्या वेष्टनाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, त्याला घटकांच्या यादीतून सूट आहे. यादी बाहेरच्या मोठ्या खोक्यावर असली की पुरते. हिंगाची सर्वांत लहान डबी नेमकी या सवलतीत बसू शकते, आणि खोके तर दुकानदाराने माल फळीवर मांडतानाच फाडून रद्दीत टाकलेले असते.