पहिल्या गोळीआधीचे रक्त

पावसाळा लागला की तालुक्याच्या गावातल्या लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये एका तपासणीची मागणी हमखास वाढते. तीन दिवसांचा ताप, जिभेवर पांढरा थर, पोट जड. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘विडाल’ लिहिले जाते. संध्याकाळी ‘पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट येतो आणि सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू होते. रुग्णाला टायफॉइड असेलही. डेंग्यू, मलेरिया किंवा स्क्रब टायफसही असू शकेल. त्या कागदावरून ते ठरत नाही.

विडाल ही तपासणी 1896 साली पॅरिसमध्ये जॉर्ज फर्नांद विडाल यांनी मांडली, तेव्हा ती मोठी झेप होती. पण ती जिवाणू शोधत नाही. जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजते. ‘ओ’ प्रतिपिंडे साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि ‘एच’ त्यानंतर काही दिवसांनी दिसू लागतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी खऱ्या टायफॉइडमध्येही ही तपासणी बहुधा निगेटिव्ह येणार. उलट, पूर्वी होऊन गेलेला टायफॉइड, साल्मोनेलाच्या इतर जाती, अगदी मलेरियासुद्धा तिला पॉझिटिव्ह करू शकतात. दहा-चौदा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत टायटर, म्हणजे प्रतिपिंडांची पातळी, चौपट वाढले तर त्याला अर्थ आहे. पण दुसऱ्या नमुन्यासाठी रुग्ण परत येतो किती वेळा?

साल्मोनेला टायफी या जिवाणूचा शरीरातला प्रवास समजला की निदानाचा मार्ग आपोआप स्पष्ट होतो. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून तो पोटात जातो, लहान आतड्यातल्या पेयर्स पॅचेसमधून आत शिरतो आणि ज्या मॅक्रोफेज पेशींनी त्याला मारायचे त्यांच्याच पोटात तळ ठोकतो. तिथून यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा गाठून तो रक्तात उतरतो, तेव्हा ताप सुरू होतो. म्हणून तापाच्या पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जिवाणू लॅबमध्ये वाढवून पाहणे, सर्वांत फलदायी ठरते.

मात्र रक्तात त्याची संख्या फार थोडी असते. एका मिलिलिटरमध्ये सरासरी एखादाच जिवाणू, अनेकदा तेवढाही नाही. प्रौढ रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त बाटलीत टाकून ‘नो ग्रोथ’ आले, तर दोष बरेचदा अपुऱ्या नमुन्याचा असतो. प्रौढाचे आठ-दहा मिलिलिटर रक्त हवे, लहान मुलाचे वजनाप्रमाणे कमी. ते पहिल्या डोसच्या आधीच घ्यायला हवे, कारण एक-दोन डोसांनंतर जिवाणू उगवण्याची शक्यता झपाट्याने घटते. इतके सगळे नीट केले तरी कल्चर साधारण साठ टक्के रुग्णांतच जिवाणू पकडते. निगेटिव्ह कल्चरने टायफॉइड बाद होत नाही. पण ते पॉझिटिव्ह आले तर रोगाचे नाव आणि कोणते औषध चालेल, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम मिळतात.

त्यातले दुसरे उत्तर आज अधिक मोलाचे आहे. 1948 साली क्वालालंपूरमध्ये क्लोरॅम्फेनिकॉलने टायफॉइड बरा होतो हे सिद्ध झाले आणि या रोगाची दहशत ओसरली. 1972 मध्ये केरळातल्या कालिकत येथे त्याच औषधाला न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ आली. 1990च्या आसपास क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल ही तिन्ही औषधे एकदम निकामी झालेले जिवाणू देशभर दिसू लागले. मग सिप्रोफ्लॉक्सासिनचे दिवस आले आणि जायरेज जनुकातल्या छोट्या बदलांनी तेही गेले. आज भारतात सापडणारे बहुतांश साल्मोनेला टायफी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या फ्लुरोक्विनोलोन गटाला पुरेशी दाद देत नाहीत. तरीही सेफिक्झिम आणि ऑफ्लॉक्सासिनची जोडगोळी अनेक दवाखान्यांत लिहिली जाते. त्यातला ऑफ्लॉक्सासिनचा, म्हणजे पुन्हा फ्लुरोक्विनोलोनचाच, भाग रुग्णाच्या पदरात फायद्यापेक्षा दुष्परिणामच जास्त टाकतो.

शेजारच्या पाकिस्तानात, सिंध प्रांतातल्या हैदराबाद शहरात 2016च्या अखेरीस याच्याही पुढचा टप्पा दिसला. जुनी तिन्ही औषधे, फ्लुरोक्विनोलोन आणि सेफ्ट्रायाक्झोन या सर्वांना दाद न देणारा टायफी तिथे पसरला. सेफ्ट्रायाक्झोन निष्प्रभ करणारे जनुक त्याने प्लास्मिड या डीएनएच्या सुट्या तुकड्यावरून, आतड्यातल्या दुसऱ्या जिवाणूंकडून उचलले होते. तोंडाने देता येणारे एकच भरवशाचे औषध उरले, अझिथ्रोमायसिन. महाराष्ट्रात हेच अझिथ्रोमायसिन साध्या सर्दी-खोकल्यावर तीन दिवस दिले जाते. विषाणूंच्या आजारात त्याचा उपयोग शून्य, आणि आतड्यातले जिवाणू मात्र प्रत्येक कोर्सबरोबर त्याला सरावत जातात. ही सवय आजच थांबवणे डॉक्टरांच्या हातात आहे.

आणखी एका जागी घाई नडते. निदान बरोबर, औषधही बरोबर, तरी तिसऱ्या दिवशी ताप तसाच असतो. नातेवाईक अस्वस्थ होतात आणि दुसरे, मग तिसरे अँटिबायोटिक चढवले जाते. टायफी पेशींच्या आत दडलेला असल्याने योग्य उपचारातही ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. रुग्णाची भूक परतते आहे, पोट मऊ आहे, रक्तदाब स्थिर आहे, तर वाट पाहणे हाच उपचार होय. पहिल्याच दिवशी नातेवाइकांना हे सांगून ठेवले तर तिसऱ्या दिवशीचा दबाव बराच कमी होतो. पोट ताठ होणे, अचानक नाडी वाढणे किंवा शौचातून रक्त जाणे हे मात्र आतड्याला छिद्र पडल्याचे किंवा रक्तस्रावाचे इशारे आहेत. तिथे क्षणाचाही उशीर परवडत नाही.

हा जिवाणू माणसाशिवाय कुठेच घर करत नाही. त्यामुळे लस, शुद्ध पाणी आणि बऱ्या झालेल्या रुग्णाच्या पित्ताशयात राहून गेलेल्या जिवाणूंचा शोध यांनी त्याची कोंडी करता येते. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये टायफॉइड कॉन्जुगेट लसीची मोहीम घेतली आणि नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना लस दिली. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने ही लस वापरण्याचे जगातले ते पहिले उदाहरण होते. पाकिस्तानने 2019 मध्ये ती राष्ट्रीय लसीकरणात आणली. खासगी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक आईला या लसीबद्दल सांगण्यासाठी कोणत्याही सरकारी आदेशाची गरज नाही.

कल्चरचा खर्च आणि तीन-चार दिवसांची प्रतीक्षा या ग्रामीण डॉक्टरांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण कल्चरसाठी उपचार थांबवावे लागत नाहीत. रक्त घेऊन लगेच औषध सुरू करता येते आणि रिपोर्ट आल्यावर ते बदलता येते. बाटली फ्रिजमध्ये न ठेवता खोलीच्या तापमानाला ठेवून त्याच दिवशी जिल्ह्याच्या लॅबला पोचवली पाहिजे. तालुका पातळीवरच्या वैद्यकीय संघटनांनी एखाद्या लॅबशी बोलून सवलतीचा दर आणि रोजच्या नेआणीची सोय ठरवावी, आणि संवेदनशीलतेचे निष्कर्ष रुग्णांची नावे वगळून दर महिन्याला सदस्यांना कळवावेत. शेजारच्या गावात कोणते औषध चालते आहे हे कळले, तर पुढच्या पावसाळ्यात पहिली चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांना अंदाजावर विसंबावे लागणार नाही.