पाच मिनिटांचं युद्ध

व्ही.आर. हेडसेट चढवला की युद्ध 'अनुभवता' येतं, असं आमच्या ब्रँचमध्ये सगळे छातीठोकपणे सांगतात. २०१४ मध्ये नॉनी दे ला पेन्या या पत्रकार बाईंनी 'प्रोजेक्ट सीरिया' केलं. तुम्ही अलेप्पोच्या रस्त्यावर उभे, एक लहान मुलगी गातेय आणि अचानक स्फोट! दावोसला बड्या मंडळींनी ते पाहिलं. पुढच्याच वर्षी ख्रिस मिल्क यांनी व्ही.आर.ला सहानुभूतीचं यंत्रच ठरवून टाकलं. शब्द भारी आहे, पण मला नाही पटत.

मित्रांनो, आपण इंजिनियर लोक काय करतो? मान वळल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर २० मिलिसेकंदांच्या आत आणतो, नाहीतर बघणाऱ्याला मळमळतं. म्हणजे सगळी मेहनत कशासाठी, तर कुणाला वाट बघायला लागू नये म्हणून. आणि जीव मुठीत धरून लपलेला माणूस करतो काय? वाटच बघतो की!

वर्तकनगरला आमच्या शेजारच्या म्हाडाच्या बिल्डिंगमध्ये एक आजी आहेत. १९७१ साली त्या गिरगावात चाळीत राहायच्या. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं, १६ ला ढाक्यात शरणागती. तेवढे दिवस मुंबईत ब्लॅकआऊट. खिडक्यांना काळे कागद, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. मी मोठ्या उत्साहात विचारलं, "आजी, खूप भीती वाटायची?" त्या म्हणाल्या, "भीती पहिले दोन दिवस गं. मग नुसता कंटाळा. उजेड असताना स्वयंपाक उरकायचा आणि काळोखात पोरांना गप्प बसवायचं. भोंगा झाला की जिन्याखाली, परत झाला की वर." त्यांच्या चाळीवर काहीच पडलं नाही. पण पडणार नाही हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? ते कुठल्या ग्राफिक्स कार्डवर दाखवणार?

(७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झालं, तेव्हा आमच्या विंगमध्ये चर्चा कसली, तर रील कोण टाकणार! असो.)

सीरिया डोळ्यांपुढे आणलं हे चांगलंच झालं, नाही म्हणत नाही. पण पुढच्या फेस्टला युद्धाचा स्टॉल लावायचाच असेल तर पाच मिनिटांचा नको, तासाभराचा लावा. स्फोट एकही नको. काळोख, रेडिओची खरखर, कुणाचं तरी बाळ किरकिरतंय, बस्स. किती जण दहाव्या मिनिटाला हेडसेट काढतात ते मोजू आणि आकडा बोर्डावर लावू. कोडिंग मी करते. आवाज द्यायला आजी तयार आहेत, फक्त टेकायला पाठीची खुर्ची द्या म्हणाल्या.