आधी ग्रिड बघा

विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालणारं, डेटाबेसवर आधारलेलं डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन करायचं तर टूलकिट कोणतं घ्यावं? या प्रश्नाची उत्तरं हल्ली विचारायच्या आधीच तयार असतात. तरुण प्रोग्रामर म्हणतो, इलेक्ट्रॉन घ्या आणि मोकळे व्हा. त्याच्याहून जरा मुरलेला ‘नेटिव्हच हवं’ म्हणून हटून बसतो. तिसरा विचारतो, डेस्कटॉप हवंच कशाला?

या तिसऱ्याला आधी निकालात काढू. तालुक्याच्या पतसंस्थेत नेट गेलं म्हणून काउंटरवरच्या पावत्या थांबत नाहीत, आणि थांबल्या तर रांगेतली माणसं काय बोलतात ते त्याने एकदा ऐकून यावं. तिन्ही प्लॅटफॉर्म कशाला, याचं उत्तर मायक्रोसॉफ्टनेच देऊन ठेवलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. टीपीएम २.० नसलेले जुने पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात काढायचे नसतील तर लिनक्स हाच सरळ रस्ता उरतो.

आता इलेक्ट्रॉन. ते जड आहे म्हणून वाईट, हा नेहमीचा आक्षेप मी घेणार नाही. प्रत्येक अ‍ॅप आपलं क्रोमियम बरोबर घेऊन फिरतं, रिकामी खिडकीसुद्धा शंभर एमबीच्या पुढे जाते, हे खरं. पण व्हीएस कोड त्याच इलेक्ट्रॉनवर उभा आहे आणि जगभरचे प्रोग्रामर तो दिवसभर वापरतात. माझा आक्षेप वेगळा आहे. डेटाबेसच्या अ‍ॅपमध्ये माणूस सगळा वेळ दोनच ठिकाणी असतो, एंट्रीच्या फॉर्मवर आणि ग्रिडवर. नेमकी हीच दोन कामं ब्राउझरला जन्मतः येत नाहीत. पन्नास हजार खातेदार साध्या एचटीएमएल टेबलात ओता, तो इमानेइतबारे पन्नास हजार ओळी मांडत बसेल. मग दिसतील तेवढ्याच ओळी मांडणारी लायब्ररी आणा, सेलमध्ये एडिट करता यावं म्हणून तिची जोडणी करा, कीबोर्डसाठी आणखी काही. फॉर्मची तऱ्हा आणखी न्यारी. फॉक्सप्रोवर बोटं तयार झालेल्या कारकुनाला एंटर म्हणजे पुढचा रकाना. ब्राउझरला एंटर म्हणजे फॉर्म पाठवा. खातं क्रमांक टाकून एंटर दाबला, की रक्कम न भरलेली पावती सेव्ह व्हायला निघते. जावास्क्रिप्टने हे थोपवता येतं, कबूल. पण जे मुळात फुकट मिळायला हवं ते एकेक करून थोपवत बसायचं असेल, तर ‘मोकळे व्हा’ म्हणजे नेमकं कशातून?

‘वेब घेतलं की प्लॅटफॉर्मची कटकट कायमची संपते’ हाही दावा तपासून बघू. पोस्टग्रेएसक्यूएलचं पीजीअ‍ॅडमिन हे डेस्कटॉप डेटाबेस अ‍ॅपचं अगदी नमुनेदार उदाहरण. त्याची तिसरी पिढी सी++ आणि डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये होती. २०१६ मध्ये चौथी पिढी पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिली गेली, कारण तीच गोष्ट सर्व्हरवरूनही चालवायची होती. उद्देश रास्त होता. पण डेस्कटॉपवर त्या वेब अ‍ॅपला वेष्टन हवंच. आधी ते क्यूटीचं होतं, मग थेट वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये उघडू लागलं, मग एनडब्ल्यू-जेएस आलं आणि आता इलेक्ट्रॉन. कटकट संपली नाही, आतून बाहेर सरकली.

नेटिव्हवाल्यांची बाजू ऐकायला सोज्वळ असते. प्रत्येक सिस्टिमची आपापली बटणं, आपापल्या याद्या वापरा, म्हणजे अ‍ॅप परकं वाटणार नाही. डब्ल्यूएक्सविजेट्स १९९२ पासून हेच करत आलं आहे आणि चांगलं करतं. पण त्यातलं ग्रिड उघडून बघा. ते नेटिव्ह नाहीच, प्रत्येक प्लॅटफॉर्मवर ते स्वतःच रंगवलेलं असतं. दुसरं करणार काय? विंडोजच्या मूळ कंट्रोल्समध्ये सेलगणिक एडिट करता येईल असं ग्रिडच नाही. म्हणजे ज्या जागी माणूस दिवसाचे सहा तास घालवणार, तिथेच नेटिव्हपणाचा आग्रह गळून पडतो. उरतं काय, तर ओके आणि कॅन्सलची बटणं.

म्हणून माझं म्हणणं: टूलकिट ग्रिडवरून निवडावं, आणि ग्रिडवरून निवडायचं तर क्यूटी घ्यावं. त्यात तक्ता आणि माहिती वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. तक्ता मॉडेलला फक्त दिसणाऱ्या ओळी विचारतो, मागे पन्नास हजार असोत की पाच लाख. एसक्यूएल टेबलाचं तयार मॉडेलही आहे. बदल सेल सोडताच लिहायचा, ओळ सोडताना लिहायचा की ‘सेव्ह’ म्हटल्यावरच, हे एका सेटिंगने ठरतं. रोखीच्या व्यवहारात हा फरक केवढा मोठा, ते हिशेब ठेवणाऱ्याला सांगायला नको.

‘क्यूटी विकत घ्यावं लागतं’ ही अफवा अजून जिवंत आहे. २००९ च्या ४.५ आवृत्तीपासून ते एलजीपीएलखाली मिळतं. पायथनमधून वापरायचं तर पायसाइडही एलजीपीएलखालीच आहे. पायक्यूटी मात्र जीपीएल किंवा पैसे मोजून. क्यूटी चार्ट्ससारखे काही घटक फुकटात फक्त जीपीएलखाली मिळतात, तेवढं वाचून घ्यावं.

क्यूटीची खोडही सांगतो, नाहीतर ही जाहिरात होईल. एसक्यूलाइटवर तयार मॉडेल पहिल्या खेपेला २५६ ओळी आणतं आणि ‘एकूण किती’ विचारलं तर २५६ च सांगतं. नवखा प्रोग्रामर तोच आकडा स्क्रीनखाली छापतो आणि खातेदार हरवले म्हणून धावपळ होते. डायलॉगमध्ये एंटर इथेही मुख्य बटणच दाबतो. ते बदलायला दहाएक ओळी लागतात, पण एकदाच.

मराठी नावांचं दुखणं मात्र टूलकिटच्या खालचं आहे. एसक्यूलाइट मुळात बाइट्सच्या क्रमाने लावतं. युनिकोडमध्ये ळ हा ल ला लागून आहे, म्हणून यादी काळे, कावळे, कासार अशी येते. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतरचा, तेव्हा काळे शेवटी जायला हवेत. एसक्यूलाइटला आपला क्रम शिकवता येतो. पायथनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये त्यासाठी थेट सोय आहे आणि आयसीयूची लायब्ररी मराठी क्रम पुरवते. पण त्या वाटेने गेलात तर क्यूटीचं तयार मॉडेल सोडून स्वतःचं लिहावं लागतं. पानभर कोड आहे. लिहावा.

टूलकिटमध्ये काय ठेवू नये, हेही निवडीतच येतं. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला. त्याच्या डीबीएफ फायली आजही लिबरऑफिस उघडतं. स्क्रीनच्या कोडमध्ये पुरलेले व्याजाचे नियम मात्र कुणालाच काढता येत नाहीत. म्हणून बंधनं डेटाबेसमध्येच घाला. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की मुळात बंद असते, प्रत्येक कनेक्शनला ती चालू करावी लागते, हे विसरू नका. आणि फॉक्सप्रोच्या सवयीने डेटाबेसची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून तीन काउंटरवरून उघडू नका. नेटवर्कवरच्या फाइल लॉकिंगचा भरवसा नसतो. दुसरं काउंटर आलं की पोस्टग्रेएसक्यूएल किंवा फायरबर्ड.

ज्याच्या हाताला डेल्फीची सवय आहे त्याने लॅझरस घ्यावं, माझी हरकत नाही; त्याचं डेटाबेसला जोडलेलं ग्रिड वर्षानुवर्षं हेच काम करतं. आणि तेच अ‍ॅप आधीपासून वेबवर चालू असेल तर इलेक्ट्रॉनही चालेल. फक्त डेमो दाखवताना पन्नास हजार ओळी भरून दाखवा आणि कीबोर्ड कारकुनाच्या हातात द्या.