वाघ नाही दिसला तर?

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, या उन्हाळ्यात सगळे मिळून जंगल सफारी करायचं ठरतंय. तुम्ही आणि मामी आहातच धरलेले." मी म्हटलं, बरं. अर्ध्या तासात व्हॉट्सॅपवर त्याचा तक्ता आला. ताडोबा, तीन रात्री, चार सफारी, रिसॉर्टमध्ये पोहण्याचा तलाव, शिवाय 'अ‍ॅडव्हेंचर' म्हणून झिपलाइन आणि बोटिंग. आठ माणसांचा खर्च पावणेदोन लाख. खाली एक ओळ होती : 'साइटिंगची शक्यता जवळजवळ शंभर टक्के.'

आता आम्ही पडलो तेल्हाऱ्याचे. पैशाचा आकडा पाहिला की मनात आपोआप कापसाचा हिशेब सुरू होतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८११० रुपये क्विंटल. म्हणजे साधारण साडेएकवीस क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल झाला तर देव पावला म्हणायचं. म्हणजे चार एकरांचं अख्खं वर्ष, तीन रात्रींत. पण ते असू द्या. पोरं कमावतात, खर्च करतात, त्यात मामानं नाक खुपसू नये. मला खटकली ती शेवटची ओळ.

ताडोबाला मी नावं ठेवत नाही. १९५५ साली झालेलं राष्ट्रीय उद्यान आहे ते, राज्यातलं पहिलं. तिथं वाघ दिसतो याचं कारण सोपं आहे : जमीन सपाट, तलाव मोठे, चितळ-सांबर भरपूर. पण वाघ दिसतो म्हणून माणसं जातात, माणसं जातात म्हणून जिप्सी वाढतात, आणि जिप्सी वाढल्या की वाघाच्या वाट्याचा रस्ता कमी होतो. २०२४ च्या वर्षअखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच. एक वाघीण आणि तिचे पाच बछडे, आणि दोन्ही बाजूंनी सफारीच्या गाड्या. त्या बिचारीला पुढंही जाता येईना आणि मागंही. तो व्हिडिओ इतका फिरला की नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. मला त्या गाड्यांतल्या लोकांचा राग येण्याऐवजी कीवच आली. त्यांनाही कुणीतरी 'शंभर टक्के'च सांगितलं असणार.

आणि गंमत म्हणजे हा तक्ता ज्याला पाठवला, त्याच्या गच्चीवरून उत्तरेला पाहिलं की सातपुडा दिसतो. पावसाळ्यानंतर हवा धुतली गेली की निळी रेघ इतकी जवळ येते की वाटावं, संध्याकाळी चालत जाऊन यावं. ते मेळघाट. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यातला एक. बफर धरून पावणेतीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला. अकोटवरून पोपटखेड, शहानूर, वर नरनाळा. इकडं आमच्या तालुक्याच्या टोकाला वारी भैरवगड, हनुमान सागर धरण आणि वान नदी. पुण्याच्या माणसाला कारखाना जितका जवळ तितकं आम्हाला जंगल जवळ. पण तेल्हाऱ्यातले किती लोक तिथं सुट्टीला म्हणून जातात? दर्शनाला जातात. श्रावणात धारगडच्या महादेवाला जातात, शनिवारी वारीच्या मारुतीला जातात. जंगल बघायला मात्र आम्हीही ताडोबालाच जातो!

खरं तर आमच्या पिढीची पहिली सफारी झाली ती रेल्वेतून. अकोला-खंडवा मीटरगेज. अडगाव, हिवरखेड गेलं की सपाटी संपायची, वान रोड स्टेशन यायचं, आणि मग डब्यातली सगळी पोरं एका बाजूच्या खिडक्यांवर. धुळघाटजवळ गाडी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून पलीकडं जायची, त्याला लोक 'चारचा आकडा' म्हणायचे. गाडी इतकी हळू चालायची की कुणी खाली उतरून टेंभुर्णं तोडून पुन्हा डब्यात चढत असे (हे मी पाहिलेलं आहे, केलेलं नाही). मोर दिसायचे, वानरं दिसायची, एकदा रुळांच्या बाजूला अस्वल दिसलं असं वडील शेवटपर्यंत सांगत. आम्हाला कुणालाच ते दिसलं नव्हतं, पण वाद घालायची हिंमत नव्हती. २०१७ च्या सुरुवातीला ती गाडी बंद झाली. अकोला-अकोट रुंद झालं आणि २०२२ मध्ये सुरूही झालं. पुढचा रस्ता मेळघाटातून न्यायचा की बाहेरून, यावर बरीच वर्षं भांडण चाललं. व्याघ्रप्रकल्पातून जवळपास चाळीस किलोमीटर लोहमार्ग जात होता. शेवटी तो बाहेरून, हिवरखेड-सोनाळा-जामोद असा वळवायचं ठरलं. लांब पडेल, पण मला तो निर्णय पटला. चारच्या आकड्यासाठी जीव तुटतो ते खरं. पण रोज वेगानं धावणाऱ्या गाड्या आणि रात्री रूळ ओलांडणारं अस्वल, हे दोन्ही एका जागी नांदत नाही.

मेळघाटात वाघ सहजी दिसत नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर भाचा नंतर मला धरेल. डोंगर, दऱ्या, बांबू, साग. वीस पावलांवर वाघ बसलेला असला तरी तुम्हाला कळणार नाही, त्याला मात्र तुमच्या खिशातल्या शेंगदाण्यांचा वास कळेल. मी आजवर तिथं मोजून अकरा वेळा गेलो. वाघ दिसला शून्य वेळा. पंजाचे ठसे तीनदा. तरी पुन्हा जातो. का जातो, हे सांगायचं तर त्या मचाणावरच्या रात्रीविषयी सांगावं लागेल.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर मचाणं बांधून लोकांना बसवतं. निसर्गानुभव म्हणतात त्याला. उन्हाळ्यात पाणी आटलेलं असतं, त्यामुळे जे काही जंगलात आहे ते रात्री कधीतरी पाण्यावर येतंच, आणि चांदणं असतं म्हणून दिसतं. काही वर्षांपूर्वी मला अकोट वन्यजीव विभागातला एक पाणवठा मिळाला. सोबत वनखात्याचा एक मजूर, वय पन्नाशीचं, कोरकू. दुपारी चारला आम्हाला तिथं सोडून गाडी निघून गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. हातात एक कागद : वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी.

पहिले दोन तास नुसतं ऊन. सागाची पानं सगळी खाली. त्या वाळक्या पानांवरून सरडा गेला तरी रानगवा आल्यासारखा आवाज होतो. सहाच्या सुमारास मोर आले, मग लंगूर, मग भेकर एकटंच आलं, दहा वेळा थबकलं आणि पाणी न पिताच गेलं. अंधार पडला. चंद्र वर यायला वेळ लागला, आणि आला तेव्हा ते डबकं थाळीसारखं चकाकायला लागलं. रातव्यांचा आवाज सुरू झाला, कुणी लाकडावर टकटक करावं तसा. साडेदहाला सांबर, मादी, दोन. सव्वाबाराला अस्वल. त्याला पाहण्याआधी मला ते ऐकू आलं. फुरफुरत, कुरकुरत, एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकासारखं कटकट करत आलं, पोटभर पाणी प्यायलं, आणि आमच्याच मचाणाखालून गेलं. मी श्वास रोखून धरला होता. वडिलांची आठवण झाली. त्यांचं ते अस्वल खरंच असेल की काय, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

दोनच्या सुमारास सगळं शांत झालं तेव्हा माझ्या सोबत्यानं पाण्यापलीकडं बोट दाखवलं. तिथं आंब्याची चार-पाच झाडं एका ओळीत होती. मी म्हटलं, जंगलात ओळीत आंबे कुठून आले? तो म्हणाला, "माह्या बापानं लावले व्हते. इथीच होतं न आमचं घर."

त्याचं गाव तिथं होतं. हा पाणवठा म्हणजे गावाचा झरा. आता तो खाली सपाटीवर, आमच्याच बाजूला पुनर्वसनात राहतो. वर्षातून काही दिवस त्याला इथं मजुरी मिळते. स्वतःच्या गावाच्या पाण्यावर मचाण बांधायची, आणि माझ्यासारख्याला वर बसवून जनावरं मोजायला लावायची मजुरी.

यावर सोपं मत देणं मला जमत नाही. गावं उठली म्हणून गवत वाढलं, गवत वाढलं म्हणून सांबर-गवे वाढले, त्यांच्यामागं वाघ आला, हे खरं आहे. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावं हलली, पुढं आमच्या बाजूची केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा, अमोना, नागरतास, बारुखेडा. २००८ पासून कुटुंबामागं दहा लाखांचं पॅकेज होतं, नंतर ते पंधरा झालं. पण दहा लाखांत अकोट-तेल्हाऱ्याकडं ओलिताची किती जमीन येते हे इथल्या कुणालाही विचारा. आणि ज्याला मोह, तेंदू, झरा एवढंच ठाऊक, त्याच्या हातात एकदम पैसा आला की त्याचं काय होतं तेही आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या वर्षी मोटरसायकली आल्या, चौथ्या वर्षी तीच माणसं पानपिंपरीच्या मळ्यात रोजानं. जानेवारी २०१९ मध्ये त्यातली बरीच कुटुंबं परत जंगलात जाऊन बसली, वनखात्याशी धुमश्चक्री झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. चार दिवस बातम्या आल्या आणि संपल्या. सफारीच्या जाहिरातीत 'अस्पर्श अरण्य' असं लिहिलेलं असतं ना, तेव्हा मला त्या ओळीतल्या आंब्यांची आठवण होते.

म्हणून जंगलात जाऊ नये, असं मात्र मी म्हणत नाही. उलट जावंच. कुणी गेलंच नाही तर त्या माणसाची ती काही दिवसांची मजुरीही जाईल. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं गाभ्यातलं पर्यटन तीनेक महिने थांबवलं होतं, तेव्हा गेटवरचे गाइड, जिप्सीवाले कसे हवालदिल झाले होते ते पुष्कळांना आठवत असेल. फक्त जाताना कशासाठी जातोय ते ठरवावं. वाघासाठीच जायचं असेल तर ती लॉटरी आहे, आणि ती लागावी म्हणून ड्रायव्हरच्या मागं लागणं म्हणजे कुणाच्या तरी वाटेत गाडी आडवी घालणं.

तेव्हा मी भाच्याला उलट माझा तक्ता पाठवला. मे ऐवजी फेब्रुवारीच्या शेवटी या, पोरांच्या शाळेचं दोन दिवस काय ते बघा. तेव्हा पळस फुललेला असतो, मोह सुरू व्हायच्या बेतात, आणि ऊन अंगावर येत नाही. पहिल्या दिवशी नरनाळा. पायी चढायचा, हीच झिपलाइन. महाकाली दरवाजावरचं कोरीव काम बघायला अर्धा तास, नऊगजी तोफेवर बसून डबा. येताना अडगावला थांबू. २९ नोव्हेंबर १८०३ ला वेलस्लीनं मराठ्यांना हरवलं ती लढाई तिथल्याच शेतांत झाली, आणि मग तो गाविलगडावर गेला. पुढं वॉटर्लू जिंकणारा माणूस आपल्या तुरीच्या वावरातून गेला, हे पोरांना शाळेत कुणी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे शहानूर गेटवरून एक सफारी, एकच. गाइड सकाळी भेटेल तो, म्हणजे तिथलाच पोरगा. त्याला वाघ कुठाय विचारायचं नाही, रानपिंगळा कुठाय ते विचारायचं. हे वीतभर घुबड. १८८४ नंतर कुणाला दिसलं नव्हतं, जगातून संपलं म्हणून धरलेलं, आणि १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. नंतर मेळघाटातही निघालं. दिवसाढवळ्या फांदीवर बसलेलं असतं, म्हणजे दिसायची शक्यताही आहे. संध्याकाळी घरी, गच्चीवर झोपायचं. खर्च : पेट्रोल, सफारीची फी, आणि मामीच्या हातचे रोडगे-वांग्याची भाजी, जी ताडोबाच्या रिसॉर्टमध्ये मिळत नाही.

मारुती चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. ते वनाधिकारी म्हणून मेळघाटातही होते. भाच्याच्या आईकडं त्यांची पुस्तकं आहेत, मीच दिलेली. येण्याआधी त्यातलं एक तरी वाचून या, असंही तक्त्यात खाली लिहिलं.

आणखी एक गोष्ट लिहून खोडली. त्या मचाणावरच्या सोबत्याला भेटायला न्यावं का? तो राहतो तिथं पोचायला मला अर्धा तास लागतो. पण माणसं बघायला नेण्याची गोष्ट नव्हे. मी एकटाच जाऊन येईन, आणि तो यायला तयार असेल तर नरनाळ्याला सोबत चल म्हणेन, त्याच्या रोजानं नाही, गाइडच्या रोजानं.

भाच्याचं रात्री उत्तर आलं. तक्ता आवडला म्हणाला, बायकोलाही आवडला. खाली एकच प्रश्न : "पण मामा, वाघ नाही दिसला तर?"

मी लिहिलं, "अकरा वेळा नाही दिसला. बारावी वेळ तुझ्यासोबत."

दोन निळ्या रेघा दिसताहेत. उत्तर अजून यायचंय.