पॅच लांबवा म्हणणाऱ्यांना उत्तर

‘अपडेटने चालते काम बंद पडते, महिनाभर थांबा, इतरांचे काय होते ते पाहा, मग लावा’ हा सल्ला संगणकव्यवस्था सांभाळणाऱ्यांत पोक्त मानला जातो. पुराव्यादाखल मे २०२२कडे बोट दाखवले जाते. तो पुरावाच पुरता वाचला, तर सल्ला टिकत नाही.

१० मे २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील सीव्हीई-२०२२-२६९२५ या दोषावर पॅच दिला. तोवर हल्लेखोर तो दोष वापरू लागले होते. खाते नाही, पासवर्ड नाही, तरी नेटवर्कमध्ये मोक्याच्या जागी पोचलेला परका माणूस डोमेन कंट्रोलरला, म्हणजे संस्थेतल्या सगळ्या खात्यांची ओळख तपासणाऱ्या सर्व्हरला, आपल्यापुढे ओळख पटवायला भाग पाडू शकत होता, तीही जुन्या एनटीएलएम पद्धतीने. ती ओळख प्रमाणपत्रे देणाऱ्या सर्व्हरकडे तशीच सरकवली, की डोमेन कंट्रोलरच्या नावाचे प्रमाणपत्र त्याच्या हाती पडते. मग त्या संस्थेतले कोणतेच खाते सुरक्षित उरत नाही. एकट्या दोषाची तीव्रता १० पैकी ८.१, ही जोड मिळाली की ९.८.

पॅच लावल्यावर काही ठिकाणी प्रमाणपत्रावर चालणारे लॉगिन अडले, हे खरेच. अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबरसुरक्षा संस्थेने याबाबत इशारा देऊन हा दोष सक्तीच्या दुरुस्त्यांच्या यादीतून तात्पुरता काढलाही. इथवर पूर्वपक्ष मला मान्य आहे.

पण सिसाचा इशारा फक्त डोमेन कंट्रोलरपुरता होता. बाकी सर्व्हर आणि संगणकांवर अपडेट लावाच, असे तिने आवर्जून सांगितले होते. शिवाय लॉगिन अडवले ते या दोषावरच्या इलाजाने नव्हे, तर त्याच गठ्ठ्यात आलेल्या, प्रमाणपत्रे खात्यांशी जुळवण्याचे नियम कडक करणाऱ्या दुसऱ्या दुरुस्त्यांनी. त्यावर मायक्रोसॉफ्टने १९ मे रोजीच उपाय दिला. १ जुलैला सिसाने दोष पुन्हा यादीत घातला आणि सरकारी खात्यांना २२ जुलैची मुदत दिली. यातून ‘चाचणी घ्या’ असा निष्कर्ष निघतो, ‘हात बांधून बसा’ असा नाही.

‘पॅच लावला, आता निर्धास्त’ म्हणणाऱ्यांचेही मला पटत नाही. ओळख बळजबरीने काढून पुढे सरकवण्याची हीच युक्ती जुलै २०२१मध्ये ‘पेटिटपोटॅम’ या नावाने उघड झाली होती. ऑगस्टमध्ये त्यावर पॅच आला, आणि वर्षाच्या आत तसलाच हल्ला पुन्हा झाला. म्हणून खरा बंदोबस्त ओळख जिथे स्वीकारली जाते तिथे हवा: प्रमाणपत्र-सर्व्हरवर ओळख त्याच जोडणीशी बांधून ठेवणारे ‘एक्स्टेंडेड प्रोटेक्शन’ सक्तीचे करा, साधे एचटीटीपी बंद करा आणि एनटीएलएम काढता येईल तिथून काढा. ज्यांना डोमेन कंट्रोलरच्या पॅचची धास्ती होती, त्यांनाही हे पॅच आला त्याच दिवशी हाती घेता आले असते.

‘आमच्याकडे माणसे कमी आहेत’ ही छोट्या संस्थांची अडचण खोटी नाही. पण असा प्रमाणपत्र-सर्व्हर त्यांच्याकडे बहुधा एखादाच असतो. माणसे कमी असतील, तर सुरुवात तिथूनच करायला हवी.